‘फॉरमॅटमध्ये बसत नाही’

वामनदादा कर्डक यांच्या जन्माला १५ ऑगस्ट २०२२ रोजी शंभर वर्षं पूर्ण झाली. त्याच्या दोन आठवडे आधी आम्ही चार कार्यकर्ते एका खासगी एफएम केंद्राच्या ऑफिसात गेलो होतो. मागणी साधी होती. त्या दिवशी तासभर वामनदादांची गाणी लावा. तास देणं जमत नसेल तर दिवसभरात मिळून चार गाणी लावा. समोर बसलेला तरुण अतिशय सभ्य होता. त्याने चहा मागवला, आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, मला पर्सनली काहीच प्रॉब्लेम नाही. पण हे आमच्या फॉरमॅटमध्ये बसत नाही.”

त्याने आमची जात विचारली नाही. अपमान केला नाही. खाली आल्यावर आमच्यातला एक पोरगा म्हणाला, “ताई, चार शब्द वाकडे बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.”

त्या पोराचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. शिवी दिली तर ॲट्रॉसिटीचा कायदा आहे. तळ्यावर अडवलं तर मोर्चा आहे. पण ‘फॉरमॅट’ने अडवलं तर काय करायचं? हा फॉरमॅट कोण ठरवतो? तो खरंच फक्त धंद्याचा हिशोब असतो का?

याचं उत्तर शोधताना मी एका अमेरिकन रॉक रेडिओपर्यंत पोहोचले. आपल्या चळवळीतल्या तरुणांनी हा इतिहास वाचला पाहिजे, म्हणून हा लेख.

शिकागो, १२ जुलै १९७९

शिकागो आपल्याला अगदीच परकं नाही. ज्या ब्लॅक पँथरकडे पाहून १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, त्या पक्षाचा अवघ्या २१ वर्षांचा नेता फ्रेड हॅम्प्टन याला ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी याच शहरात, घरात घुसून गोळ्या घालून मारलं. त्यानंतर दहा वर्षांनी याच शहरात जे घडलं त्यात कोणी गोळी चालवली नाही. स्फोट झाला तो गाण्यांच्या तबकड्यांचा.

डब्ल्यूएलयूपी हे शिकागोचं व्यावसायिक एफएम केंद्र. लोक त्याला ‘द लूप’ म्हणत. ९७.९ मेगाहर्ट्झवर दिवसरात्र रॉक संगीत. तिथला निवेदक स्टीव्ह डाल तेव्हा २४ वर्षांचा होता. त्याआधी तो शिकागोच्याच दुसऱ्या एका केंद्रावर काम करत होता. १९७८ च्या अखेरीस त्या केंद्राने रॉक बंद करून डिस्को सुरू केलं आणि ऐन नाताळच्या तोंडावर डालची नोकरी गेली. ‘लूप’वर आल्यावर त्याने डिस्कोविरुद्ध मोहीमच उघडली. रेडिओवर डिस्कोची गाणी लावायची आणि मध्येच स्फोटाचा आवाज काढून ती ‘उडवायची’, हा त्याचा रोजचा खेळ झाला.

मग बेसबॉलच्या व्हाइट सॉक्स संघाने आणि या रेडिओने मिळून एक कार्यक्रम आखला. १२ जुलैला कॉमिस्की पार्क या मैदानावर लागोपाठ दोन सामने होते. डिस्कोची एक तबकडी घेऊन येणाऱ्याला ९८ सेंटमध्ये प्रवेश. केंद्राच्या फ्रिक्वेन्सीशी जुळणारा भाव. दोन सामन्यांच्या मध्ये त्या सगळ्या तबकड्या मैदानात रचून स्फोटाने उडवायच्या. आयोजकांना वीसेक हजार लोकांची अपेक्षा होती. आले जवळजवळ ५० हजार, आणि आणखी हजारो बाहेर अडकले. डाल लष्करी गणवेश आणि हेल्मेट घालून मैदानात उतरला. स्फोट झाला आणि हजारो तरुण मैदानात घुसले. खेळपट्टी उखडली, आगी लावल्या. दंगलविरोधी पोलिसांनी मैदान रिकामं केलं. ३९ जणांना अटक झाली. दुसरा सामना खेळताच आला नाही आणि यजमान संघाला तो गमवावा लागला.

त्या दिवशी मैदानावर व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय किशोरवयीन मुलगा प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत होता. सिंथेसायझर घेण्यासाठी तो पैसे साठवत होता. त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे की लोकांनी आणलेल्या तबकड्या नुसत्या डिस्कोच्या नव्हत्या. ज्यांचा डिस्कोशी संबंध नव्हता अशा कृष्णवर्णीय गायकांच्या, सोल आणि फंक संगीताच्याही तबकड्या त्या ढिगात होत्या. मोहीम एका संगीतप्रकाराविरुद्ध होती. पण तबकडी निवडताना हात कशाकडे गेला? मुखपृष्ठावरच्या चेहऱ्याच्या रंगाकडे.

रॉक मुळात कोणाचं?

या मैदानापासून सुमारे तीन किलोमीटरवर, साउथ मिशिगन ॲव्हेन्यूवर २१२० क्रमांकाची इमारत आहे. चेस रेकॉर्ड्स या कंपनीचं कामकाज आणि स्टुडिओ तिथे होता. दक्षिणेकडच्या मिसिसिपी राज्यातले कापसाचे मळे आणि वंशभेदाचे कायदे मागे टाकून लाखो कृष्णवर्णीय लोक उत्तरेच्या शहरांत आले. त्यांच्यातलाच एक मडी वॉटर्स १९४३ मध्ये शिकागोत आला. गावाकडचं ब्लूज त्याने शहरात इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलं. चक बेरीने १९५५ मध्ये चेससाठीच आपलं पहिलं गाजलेलं गाणं केलं. इंग्लंडच्या ‘रोलिंग स्टोन्स’ने आपलं नावच मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलं आणि १९६४ मध्ये शिकागोत येऊन याच स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलं. एल्व्हिस प्रेस्लीचं १९५६ चं गाजलेलं ‘हाउंड डॉग’ त्याच्या आधी बिग मामा थॉर्न्टन या कृष्णवर्णीय गायिकेने गायलं होतं. सिस्टर रोझेटा थार्प तर त्याच्याही कितीतरी आधी चर्चची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर गात होती.

म्हणजे ज्या संगीताच्या ‘रक्षणासाठी’ ५० हजारांची गर्दी जमली, ते संगीत कृष्णवर्णीयांनी घडवलेलं होतं. घडवलं त्याच शहरात, हाकेच्या अंतरावर. आणि १९७९ पर्यंत त्यांच्याच वंशजांचा आवाज रॉक रेडिओवर परका ठरला होता. लावणी-तमाशा कोणत्या जातींनी जगवला, आणि त्यातून नाव-पैसा कोणाला मिळाला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

गाळणी कशी बसवली गेली

पण हे झालं कसं? कोणी हुकूम काढला नव्हता.

१९६७ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत टॉम डोनाह्यू या निवेदकाने एफएमवर मुक्त पद्धतीचा रॉक रेडिओ सुरू केला. निवेदक आपल्या मनाने गाणी निवडायचे. रॉकच्या शेजारी ब्लूज वाजायचं, जॅझ वाजायचं. युद्धविरोधी तरुणांचा तो रेडिओ होता. मग एफएमला श्रोते मिळाले, जाहिराती आल्या आणि पैसा आला. पैशाबरोबर सल्लागार आले. ली अब्राम्स हा त्यातला सर्वांत गाजलेला. श्रोत्यांचं सर्वेक्षण करायचं, जाहिरातदाराला हवा तो वयोगट हेरायचा, त्या गटाला ओळखीची वाटतील तेवढीच गाणी ठेवायची आणि बाकीची काढून टाकायची. हाच फॉरमॅट. देशभरातल्या केंद्रांनी तो उचलला.

आता पाहा. जाहिरातदाराला हवा होता गोरा, तरुण पुरुष. त्याला विचारलं, तुला काय आवडतं? त्याने जे आधी ऐकलं होतं तेच सांगितलं. तेच पुन्हा वाजलं. जे वाजलं नाही ते त्याला अनोळखी राहिलं. पुढच्या सर्वेक्षणात तो म्हणाला, हे मला आवडत नाही. दोन-चार वर्षांत रॉक केंद्रांवर जिमी हेंड्रिक्ससारखा एखादा सोडला तर कृष्णवर्णीय आवाज जवळजवळ दिसेनासा झाला. आणि प्रत्येक टप्प्यावर उत्तर तयार होतं, “आम्ही काय करणार? श्रोत्यांची आवड!”

गुणवत्तेच्या नावाखाली आपल्याला जे ऐकवलं जातं, त्याची रचना हुबेहूब हीच आहे. आधी संधी द्यायची नाही, मग अनुभव नाही म्हणायचं, मग त्या नसलेल्या अनुभवाला ‘मेरिट’ नाही म्हणायचं.

योगायोग असा की फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू याचा रुचीवरचा प्रसिद्ध ग्रंथ ‘ला दिस्तँक्सियाँ’ याच १९७९ साली प्रकाशित झाला. एम.ए.ला तो अभ्यासताना मी फक्त परीक्षेपुरता वाचला होता. त्याचं सांगणं थोडक्यात असं की आवड ही निव्वळ खासगी गोष्ट नसते. माणूस कुठल्या वर्गात वाढला ते त्याच्या आवडीत उतरतं, आणि ‘मला हे आवडत नाही’ म्हणताना तो बऱ्याचदा ‘मी त्यांच्यातला नाही’ एवढंच सांगत असतो. कॉमिस्की पार्कवर ५० हजार लोक नेमकं तेच सांगत होते.

“पण त्याच्या मनात तसं नव्हतं”

विरोधी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. स्टीव्ह डालने आजवर सातत्याने सांगितलं आहे की त्याच्या मनात वंशद्वेष नव्हता. डिस्कोमुळे त्याची नोकरी गेली होती. आलेली पोरं बहुतांशी कामगार आणि मध्यमवर्गीय घरांतली होती. महागडे कपडे घालून नाचण्याची ती संस्कृती त्यांना आपली वाटत नव्हती. डिस्को तोवर स्वतःच एक मोठा धंदा झालं होतं, हेही खरं. संघाचे मालक बिल व्हीक यांनी तर १९४७ मध्ये लॅरी डोबीला करारबद्ध करून अमेरिकन लीगमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आणला होता. हे लोक वर्णद्वेष्टे कसे?

मी यातली प्रत्येक गोष्ट मान्य करते. आणि तरीही माझा मुद्दा बदलत नाही. बाबासाहेबांनी ‘जातीचा विनाश’ या १९३६ च्या भाषणात मांडलेला एक मुद्दा आपण फार लवकर विसरतो. लोक जात पाळतात ते दुष्ट आहेत म्हणून नाही, तर ज्याला ते पवित्र मानतात ते त्यांना तसं शिकवतं म्हणून. मग लढाई माणसाच्या मनातल्या चांगुलपणाशी करायची नसते, त्या पवित्र मानलेल्या गोष्टीशी करायची असते. त्या ऑफिसातला चहा पाजणारा तरुण चांगलाच होता. डालही असेल. प्रश्न हा आहे की गाळणी कोणी बसवली आणि तिच्यातून कोण खाली पडतं.

हे त्या काळातही कोणाला दिसलं नाही असं नाही. समीक्षक डेव्ह मार्श याने त्याच वर्षी ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकात लिहिलं होतं की डिस्कोविरोधाच्या मुळाशी कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी लोकांबद्दलचा आकस आहे.

गाळणीचा परिणाम मैदानापुरता थांबला नाही. १९८१ मध्ये एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली ती रॉक रेडिओचाच फॉरमॅट घेऊन. सुरुवातीला तिथे कृष्णवर्णीय कलाकार इतके कमी होते की १९८३ मध्ये डेव्हिड बोवी या गोऱ्या रॉक गायकाने मुलाखत घेणाऱ्यालाच प्रश्न विचारला, तुम्ही त्यांना का दाखवत नाही? उत्तर मिळालं ते छोट्या गावांतल्या प्रेक्षकांना काय पचेल याचं. पुन्हा तेच. आम्ही काय करणार, प्रेक्षकांची आवड!

मालकी कोणाची?

अमेरिकेच्या प्रसारण आयोगाने १९७८ मध्ये, म्हणजे या घटनेच्या फक्त एक वर्ष आधी, एक धोरण जाहीर केलं. देशातल्या रेडिओ आणि टीव्ही केंद्रांपैकी १ टक्क्याहूनही कमी केंद्रं अल्पसंख्याक वंशांच्या मालकीची आहेत, हे त्यामागचं कारण. अशा लोकांना केंद्र विकणाऱ्याला करसवलत देण्याची तरतूद त्यात होती. ती सवलत १९९५ मध्ये अमेरिकी संसदेने रद्द केली. आरक्षणाची आणि विशेष तरतुदींची वाट लावण्याची कला फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका.

शोषितांच्या बाजूनेही याच शहरात काम झालं. त्या काळच्या शिकागोतली कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी तरुणाई ‘वेअरहाउस’ नावाच्या क्लबमध्ये फ्रँकी नकल्सच्या संगीतावर नाचत होती. त्या क्लबच्या नावावरूनच ‘हाउस’ हे संगीत जन्माला आलं. १९८१ पासून डब्ल्यूबीएमएक्स या शिकागोतल्या केंद्रावर ‘हॉट मिक्स फाइव्ह’ या निवेदकांच्या गटाने ते संगीत शहरभर पोहोचवलं. मैदानावर जागा दाखवणारा व्हिन्स लॉरेन्स १९८४ मध्ये ‘ऑन अँड ऑन’ या अगदी सुरुवातीच्या हाउस गाण्याचा सहनिर्माता झाला. आज ते संगीत जगभर वाजतं. १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये व्हर्नन रीड, ग्रेग टेट आणि इतरांनी ‘ब्लॅक रॉक कोअलिशन’ स्थापन केली. रॉक आमचंच आहे, ते आम्ही सोडणार नाही, ही त्यांची भूमिका होती.

आणि ‘लूप’? मार्च २०१८ मध्ये ते केंद्र एका ख्रिस्ती प्रसारण संस्थेला विकलं गेलं. रॉक बंद झालं आणि ९७.९ वर भक्तिगीतं सुरू झाली. ज्या बाजाराच्या हिशोबाला श्रोत्यांनी आपली आवड समजून लढाई केली, त्या बाजाराने त्यांना एका व्यवहारात बाजूला सारलं.

आपली हवा

गाळणीला दरवेळी बाजारच लागतो असंही नाही. १९५२ मध्ये बा. वि. केसकर केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री झाले आणि अभिरुची सुधारण्याच्या नावाखाली आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काटा रेडिओ सिलोनकडे वळवला. शेवटी १९५७ मध्ये सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. श्रोत्यांचा दबाव मोठा होता म्हणून दार उघडलं. ज्यांच्या मागे तेवढा दबाव नव्हता, त्यांचं काय?

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रसारणाच्या खटल्यात निकाल दिला की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. वाचल्यावर मला महाड आठवलं. चवदार तळंही कागदावर खुलंच होतं. बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा ठराव त्यापाठोपाठचा. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना चालत जाऊन ओंजळीने पाणी प्यावं लागलं, तेव्हा तो हक्क हक्क झाला. हवेतल्या लहरींचं आज तेच झालंय. न्यायालय म्हणतं सर्वांची, आणि फ्रिक्वेन्सी मिळते लिलावात सर्वाधिक बोली लावणाऱ्याला.

पण एक फट आहे. २००६ च्या धोरणानुसार नोंदणीकृत सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओचा परवाना मिळू शकतो. तेलंगणातल्या झहीराबाद परिसरात दलित शेतकरी स्त्रियांनी २००८ मध्ये ‘संघम रेडिओ’ सुरू केला. बियाणं, शेती, सण, गाणी, सगळं त्यांच्याच बोलीत, त्यांनीच ध्वनिमुद्रित केलेलं. त्यांना कोणी म्हणालं नाही की हे फॉरमॅटमध्ये बसत नाही, कारण फॉरमॅट त्यांचाच होता. झहीराबाद आपल्या सीमेपासून लांब नाही. आपल्याकडे किती शैक्षणिक संस्था आहेत, किती ट्रस्ट आहेत, जयंतीला डीजेवर किती खर्च होतो, याचा हिशोब प्रत्येकाने आपल्या गावापुरता करावा.

शेवटचं बोलणं आपल्याच लोकांशी. गेल्या जयंतीला आमच्या वस्तीतल्या तीन पोरांनी इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्सवर बाबासाहेबांवरचं स्वतःचं गाणं बसवलं होतं. मंडळाच्या बैठकीत एक ज्येष्ठ म्हणाले, “हे आपलं नाही. हे मोठ्या लोकांच्या पोरांचं खूळ. स्टेजवर शोभणार नाही.” पोरं गप्प बसली. मीही त्या वेळी गप्प बसले, आणि त्याची मला आजही लाज वाटते. कापसाच्या मळ्यातून पळून आलेल्या माणसांनी घडवलेलं वाद्यसंगीत आपलं नाही, तर मग कोणाचं? आणि ‘शोभणार नाही’ म्हणजे तरी काय? त्या एफएमवाल्याचंच वाक्य आपण आपल्या भाषेत बोललो.

यंदाच्या जयंतीच्या बैठकीत त्या पोरांचं नाव मी सुचवणार आहे. आणि सामुदायिक रेडिओच्या अर्जाची कागदपत्रंही त्याच बैठकीत मांडणार आहे. आपल्या गावात कोणी याच कामाला लागणार असेल तर जरूर कळवा.

जय भीम.